तुम्ही विचारलंत म्हणून: माशांना सोलरचं पाणी कशाला?

"साधा हीटर टाकायचा की टाकीत!" फिश टँकच्या मागून गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरकडे गेलेले दोन पाइप दिसले की पाहुणे हमखास हे म्हणतात. लगेच दुसरं, "साताऱ्यात कसली एवढी थंडी?" शाहूपुरीत, यवतेश्वरच्या पायथ्याला, जानेवारीची एक पहाट काढा आणि मग बोला. पारा 10-12 अंशांवर येतो. एंजल मासा मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, त्याला 26 अंशांच्या आसपास पाणी लागतं.

हीटर माझ्याकडे होता, 200 वॅटचा. सोलरच्या पाण्याची कल्पना ह्यांनी आधीच काढली होती आणि मीच ती उडवून लावली होती. हीटर स्वस्त आहे, बिघडला तर बदलता येतो, भिंतीला छिन्नी लावायची नाही, असं मी म्हणायचे. त्यातलं एकही वाक्य मला आजही खोटं वाटत नाही.

मग एका जानेवारीत संध्याकाळी गल्लीची डीपी जळाली आणि लाइट गेली.

हीटर इन्व्हर्टरवर घेतला. 150 एएचची बॅटरी म्हणजे कागदावर 1.8 युनिट, आणि आमची तर जुनी. मध्यरात्रीनंतर इन्व्हर्टर टीं टीं करायला लागला आणि बंद पडला. हीटर गेला, त्याच्याबरोबर फिल्टर आणि हवेचा पंपही गेला. टॉर्च मारून थर्मामीटर बघितला तर 22. थोड्या वेळाने 21. एंजल खालच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून, पर मिटून उभे. आणि गच्चीवर, आमच्या डोक्यावर, सोलरच्या टाकीत दोनशे लिटर कढत पाणी नुसतं पडून होतं.

ते ओतायचं नव्हतं. आमचा सोलर जुना, तांब्याच्या नळ्यांचा. तांबं पाण्यात उतरलं तर माशांना बाधतं, शिवाय नळाच्या पाण्यात क्लोरीन. सासूबाई शाल गुंडाळून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, ओतू नकोस. बाटल्यांत भर, बुचं घट्ट लाव आणि सोड तरंगत." मग मी बाथरूममध्ये भरायची आणि हे टाकीत सोडायचे. गरम पाण्याने लिटरच्या बाटल्या मऊ पडून कमरेत चेपायच्या. सहा बाटल्यांनी टाकीचं पाणी जेमतेम एक अंश वर यायचं, तेवढ्यात पहिल्या थंड झालेल्या असायच्या. हवेसाठी मधूनमधून मगने पाणी उचलून वरून सोडत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट आली.

मासे वाचले असं वाटलं. आठवडाभरात परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. व्हाइट स्पॉटचा परजीवी, गारठून मलूल झालेल्या माशावर तो पटकन चढतो. औषध केलं. जोडीतली मादी गेली. नाण्याएवढी होती तेव्हापासून मी तिला वाढवलं होतं. "मासाच तर होता" असं जे म्हणतात, त्यांना मला काहीही समजावायचं नाही.

त्या रात्री बाटल्या करत होत्या तेच आता कॉइल करते. टाकीखालच्या संपमध्ये, म्हणजे माशांचं पाणी जिथून फिरतं त्या फिल्टरच्या छोट्या टाकीत, स्टेनलेस स्टीलची कॉइल, वेटोळी नळी, आहे. सोलरचं पाणी तिच्यातून फिरून परत गच्चीवर जातं, माशांच्या पाण्यात एक थेंब मिसळत नाही. प्लंबर म्हणाला होता, "वहिनी, येवढासा पंप गच्चीवर पाणी चढवणार व्हय?" चढवायचं नसतंच. दोन्ही पाइप भरलेले असले की वर जाणाऱ्या पाण्याचं वजन खाली येणारं पाणीच तोलतं. पंपाला फक्त पाइपातलं घर्षण मोडायचं असतं. म्हणून 12 व्होल्टचा छोटा पंप पुरतो, आणि तो बॅटरीवर रात्रभर चालतो. हे माझं खरं उत्तर आहे. विजेचं बिल वाचवायला मी हे केलेलं नाही.

जाऊबाईंची तक्रार वेगळी. "आमच्या आंघोळीचं पाणी मासे पळवतात." पाणी पळवत नाहीत, ऊब घेतात, आणि तीही थोडी. माझी टाकी 190 लिटरची. थंडीतल्या रात्री तिला साधारण एक युनिट उष्णता लागते. तेवढ्याने सोलरचं 200 लिटर पाणी चार-साडेचार अंशांनी उतरतं. साठाचं पंचावन्न होतं. पंचावन्नच्या पाण्यातही विसण घालावंच लागतं ना!

आता ज्याची भीती वाटते तेही सांगते. पाणी पुरेसं तापलं की पंप बंद करणारा कंट्रोलर अडकला आणि पंप चालूच राहिला, तर वरचं कढत पाणी मासे शिजवू शकतं, हीटरपेक्षा वाईट. म्हणून दोन कंट्रोलर एकामागे एक लावलेत. एक अडकला तरी दुसरा पंप तोडतो. कॉइल एकसंध आहे, पाण्याखाली एकही जोड नाही, कारण गच्चीवरच्या टाकीचा दाब सतत तिच्यावर असतो आणि गळली तर गळती माशांच्या पाण्यातच होणार. तरी कॉइलकडे बघितल्याशिवाय मी झोपत नाही.

शिवाय डिसेंबरात सलग ढग आले की सोलर कोमटच राहतो. तेव्हा तोच जुना हीटर लावते. ढग आले आणि त्यातच लाइटही गेली तर? गॅसवर पातेलं चढवणार, दुसरं काय. पूर्वीची मी असती तर म्हणाली असती, मग एवढी भिंत फोडून मिळवलंस काय? डीपी जळालेल्या रात्रीपुरतं उत्तर माझ्याकडे आहे, ढगांचं नाही.

भाड्याच्या घरात असाल तर यात पडू नका. हीटर घ्या आणि बॅटरी तेवढी मोठी ठेवा. घर बांधत असाल, तर प्लास्टरच्या आधी सोलरला एक रिटर्न लाइन, म्हणजे पाणी परत वर जायचा पाइप, काढून बूच मारून ठेवा. मासे पाळायचे की नाही ते नंतर ठरवा.