कुरारच्या दगडाचा पत्ता

रविवारी सकाळी पावणेसातला प्रभादेवीहून स्लो ट्रेन पकडली तेव्हा पर्समध्ये एक स्टीलचा छोटा डबा होता, लोणच्याला घेतो ना तसला, आणि त्यात आईच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला एक दगड. लिंबाएवढा. त्याचा पत्ता शोधायला निघाले होते.

दगड मामाने दिलेला. मामा मालाडला कुरारच्या खदानीवर डंपर चालवायचा. १९८७ च्या मे महिन्यात, मी चौथीतून पाचवीत गेले तेव्हा, त्याने तो वर्तमानपत्रात बांधून आणला आणि सोबत सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने कुठे मिळाला ते लिहून दिलं. तेव्हा मला एवढंच कळलं की हा दगड हिरवा आहे, कच्च्या द्राक्षासारखा, आणि त्याला बोटं आहेत. खरंच बोटं, चार-पाच, पेराएवढी लांब, एकमेकांना चिकटलेली. आज माझ्याकडे दोनशेच्या वर नमुने आहेत पण छंदाची सुरुवात ह्या एका दगडाने झाली. आणि गेल्या पावसाळ्यात कपाट आवरायला काढलं तर पुठ्ठ्याला कसर लागलेली, अक्षरं खाऊन टाकलेली, उरलं होतं फक्त "कुरार" आणि पुढे कुठेतरी "बेंच", म्हणजे खदान खणताना कड्यात पाडतात ती पायरी. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

ज्यांना हा नाद नाही त्यांना वाटतं दगड आहे ना जागेवर, मग झालं. पण तसं नाहीये. नमुना कुठल्या खदानीतला, कुठल्या थरातला, कधी काढला हे गेलं की तो नुसता शोभेचा खडा होतो, अभ्यासाला त्याचा उपयोग जवळजवळ संपतो. आणि मुंबईच्या बाबतीत तर हे फारच जिव्हारी लागतं, कारण ज्या खदानींतून हे सगळं निघालं त्या आता राहिल्याच नाहीत, परत जाऊन दुसरा आणू म्हटलं तर कुठून आणणार?

अंधेरीला उतरून आधी पश्चिमेला गेले, गिल्बर्ट हिलला. वाटेवर होतं म्हणून नाही, मुद्दाम. रिक्षावाल्याला गावदेवी डोंगरी सांगितलं की तो बरोबर नेतो. चाळी, झोपड्या, टॉवर ह्यांच्या मधोमध साधारण ६१ मीटर उंच काळा दगड सरळ उभा, आणि तोही सलग नाही, उभ्या खांबांचा, जणू कोणी पेन्सिली जुडी करून उभ्या ठेवल्यात. लाव्हा थंड होताना आकसतो, तळं आटल्यावर चिखलाला भेगा पडतात तशा त्याला भेगा पडतात, आणि त्या भेगा खाली खाली जात गेल्या की असे खांब तयार होतात. दख्खनचा बराचसा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, मुंबईकडचा काही त्याहून थोडा नंतरचा. पायऱ्या चढून वर देवीला नमस्कार केला. वरून अंधेरी सगळी दिसते पण खांब बघायचे तर खालूनच बघावे, आणि सकाळचं तिरपं ऊन पडतं तेव्हाच, दुपारी नुसता काळा ठिक्कर दिसतो. इथे हातोडी बाहेर काढायची नाही बरं का, इथेही नाही आणि नॅशनल पार्कातही नाही. मी ज्या काकांकडून हे सगळं शिकले त्यांनी पहिल्या दिवशी हेच सांगितलेलं, आणि मी नवीन मुलांना आधी हेच सांगते.

मग परत स्टेशन, मेट्रो, वेस्टर्न एक्सप्रेस हायवेला उतरून पुलावरून गुंदवलीला, आणि तिथून सातव्या लाइनची मेट्रो. स्टेशनांच्या यादीत चक्क "कुरार" वाचलं की मला अजून गंमत वाटते. माझ्यासाठी कुरार म्हणजे मामाच्या अंगाला येणारा डिझेल आणि दगडाच्या भुकटीचा वास, आणि आता तिथे एसी मेट्रो थांबते.

गर्दी नव्हती म्हणून डबा उघडून दगड परत एकदा बघितला. माझ्याकडे दहा पट मोठं दाखवणारं भिंग आहे, त्याआधी बरीच वर्षं घड्याळजीकडचं जुनं भिंग डोळ्याला लावायचे. ह्या खनिजाचं नाव प्रेहनाइट. भिंगाखाली बोटाचं तुटलेलं टोक बघा, बोट आतून पोकळ आहे, आणि भोक गोल नाही, चौकोनी. मला हे कळायला कितीतरी वर्षं लागली. म्हणजे असं की आधी काळ्या खडकातल्या पोकळीत लोमोंटाइट नावाचं दुसरंच खनिज वाढलं, चौकोनी कांड्यांसारखं. मग गरम पाण्यातून प्रेहनाइट येऊन त्या कांड्यांवर बसलं, शेवेवर पाक चढावा तसं. नंतर आतलं लोमोंटाइट निघून गेलं. ते मुळात नाजूक, कोरड्या हवेत नुसतं ठेवलं तरी त्यातलं पाणी उडतं आणि भुसभुशीत होऊन गळून पडतं. राहिला तो वरचा हिरवा साचा. जे खनिज आता नाही त्याची जागा अजून तशीच शिल्लक आहे, बोटाच्या आत. समोर बसलेली एक मुलगी बराच वेळ बघत होती, शेवटी तिने विचारलंच, तिला भिंग दिलं, ती म्हणाली "आतमध्ये खोली आहे". दिंडोशी येईपर्यंत तिने भिंग सोडलं नाही.

मुंबईत हेच का मिळालं ह्याला कारण आहे. इकडे काही ठिकाणी लाव्हा उथळ पाण्यात ओतला गेला, त्याचे उशांसारखे गोळे झाले, आणि त्या उशांच्या मधल्या फटींतून गरम पाणी फिरत राहिलं. नाशिक, जळगाव, पुण्याकडे विहिरी आणि खदानींतून स्टिल्बाइट, हुलँडाइट, अपोफिलाइट भरपूर निघतं, वाघोलीचं निळंशार कॅव्हन्साइट तर जगभर माहीत आहे, आणि सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये हे सगळं एका छताखाली बघायला मिळतं, जरूर जा. पण हिरवं प्रेहनाइट, त्यावर काळं चकचकीत बॅबिंग्टोनाइट, हा मालाड-कांदिवलीचा माल. परदेशातल्या म्युझियमांत लेबलवर अजून "मालाड", "कांदिवली" लिहिलेलं असतं, आणि इथे आपण त्याच नावांची लोकल पकडतो, खाली काय होतं ते माहीत नसताना.

कुरारला उतरून डोंगराच्या दिशेने चालत गेले. गल्ल्या चढत जातात, पाण्याचे निळे ड्रम, गणपतीच्या मंडळाची शेड, आणि मग अचानक एका टॉवरच्या कंपाउंडच्या मागे कापलेला कडा दिसतो, काळा, उभा, त्यावर पिंपळ उगवलेला. बस, एवढंच उरलंय. तिथे एका टपरीवर कटिंग घेतला आणि टपरीवाल्या मावशींना विचारलं की इथे खदान होती का. मावशी म्हणाल्या, "होती का काय विचारतेस, भोंगा वाजला की आम्ही पोरांना ओढून आत घ्यायचो, सुरुंगाचे दगड पत्र्यावर यायचे." त्यांचे मिस्टर क्रशरवर होते. मी डबा उघडून दाखवला तर त्यांनी दगड हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला आणि म्हणाल्या, "हे पोकळ निघालं की मुकादम ओरडायचा, खडीला चालत नाही म्हणून. आम्ही तुळशीत ठेवायचो."

तेच तर आहे. कंत्राटदाराला घट्ट दगड हवा, पोकळी म्हणजे खराबा. डोंगर फोडून खडी झाली, खडीचं काँक्रीट झालं, त्याच्या बिल्डिंगा झाल्या, आणि पोकळ्यांमध्ये जे वाढलं होतं त्यातलं किती क्रशरमध्ये गेलं ह्याचा विचार केला की मला खरंच वाईट वाटतं. जे वाचलं ते कुणीतरी वाकून उचललं म्हणून वाचलं. बहुतेक वेळा उचलणारा मजूर, ड्रायव्हर किंवा डबर भरणारी बाई, आणि त्यांचं नाव कुठल्याच लेबलवर नाही.

परत मेट्रो, मागाठाणे. मामा तिथे मुलाकडे राहतो. फोनवर त्याला नीट ऐकू येत नाही म्हणून प्रत्यक्षच गाठायचं ठरवलं होतं. मामी म्हणाल्या आधी जेव, वांग्याचं भरीत आणि भाकरी झाली, मग मी डबा काढला. मामाने चष्मा वर केला, दगड खिडकीशी नेला.

"अगो बाय, तू ह्यो अजून ठेवलंस?"

म्हटलं ठेवलाय म्हणजे काय, शोकेसमध्ये मधल्या खणात आहे. मग त्याला फोनवर फोटो दाखवले. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत छंद जागा बघूनच करावा लागतो, म्हणून मी बहुतेक इंचभराचेच नमुने ठेवते. आधी काडेपेट्या एकमेकींना चिकटवून खण केले होते, आता सुताराकडून भिंतीत सहा इंच खोलीची काचेची शोकेस करून घेतलीय, आत काळा मॅट पत्रा, वरून एलईडीची पट्टी. पिवळा बल्ब नको, तापतो, आणि ह्यातल्या बऱ्याच खनिजांच्या अंगात पाणी असतं. १७५६ मध्ये क्रोनस्टेट ह्या स्वीडिश माणसाने असाच दगड तापवला तर तो उकळल्यासारखा फसफसला, त्यावरून झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड, हे नाव पडलं. पायराइट मी मुंबईत ठेवणं सोडून दिलं, दमट हवेत त्यावर पांढरी पूड धरते आणि आम्ल सुटून खालचं लेबलही जळतं. आणि ओकेनाइट, कापसाच्या बोंडासारखं पांढरं, बारीक केसांचं, ते वेगळ्या झाकणाच्या डबीत. माझं पहिलं ओकेनाइट मी धूळ बसली म्हणून नळाखाली धरलं होतं, सगळे केस चिकटून गोळा झाला, आजही ते तसंच ठेवलंय, नवीन मुलांना दाखवायला.

लेबलचं मात्र आता पक्कं केलंय. दगडाच्या मागे, दिसणार नाही अशा जागी व्हाइटनरचा एक ठिपका, तो वाळला की बारीक पेनने नंबर, वर पारदर्शक नेलपॉलिश, आणि त्याच नंबरची नोंद दोन वह्यांत, एक घरी, एक बहिणीकडे. कसरीला काय खायचंय ते खाऊ दे.

मामाला विचारलं, "पुठ्ठ्यावर बेंच लिहिलं होतंस, कुठला? खालचा ना?" मला लहानपणापासून खालचा असंच आठवत होतं, तसं वहीत लिहूनही ठेवलं होतं.

मामाने मान हलवली. "खालच्यात पाणी होता. उन्हाळ्यातपण मोटर लावूची लागायची, तिथे गाडी जायचीच नाय. ह्यो मधल्या बेंचचा. पूर्वेच्या अंगाक. सकाळचो सुरुंग झालो, मी डबर भरूक गाडी लावलंय तर हिरवा काहीतरी चमाकला, गाडी बंद करून खाली उतरलंय. मुकादमान शिव्या घातल्यान."

मी वही काढली, नंबर १ चं पान उघडलं आणि "खालचा" खोडून लिहिलं: कुरार खदान, मालाड पूर्व, मधला बेंच, पूर्वेची बाजू, मे १९८७, सकाळच्या सुरुंगानंतर. पुढे "शोधणारा" असा रकाना आहे, तो इतकी वर्षं रिकामाच होता. वही मामाकडे सरकवली. त्याने पेन घेतलं, सहीला वेळ लागला, हात थरथरतो आता, पण पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.