तेवीस पायऱ्या आणि कांद्याचं सूप

"लोक येतात, फोटो काढतात, खूश दिसतात. पण परत येत नाहीत." मालकांची तक्रार एवढीच होती. हॉटेलांची किचनं तपासून द्यायचं माझं काम. मे महिन्यातल्या एका शनिवारी टोचून तापमान दाखवणारा थर्मामीटर आणि स्टॉपवॉच घेऊन सोलापूर गाठलं.

जागा खरंच देखणी. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळातला दगडी बंगला, सागवानी खिडक्या, उंच छत, काचेची झुंबरं. वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये १४ टेबलं, त्यांवर कडक इस्त्रीचे पांढरे कापड, आणि जिन्याच्या तोंडाशी कुणीच न वाजवणारा काळा पियानो. किचन खाली, मागच्या अंगणाला लागून. दोन्हींच्या मधे २३ पायऱ्या. मेनूकार्डावर ४१ फ्रेंच पदार्थ आणि ते करायला सहा माणसं, त्यातला एक भांडी घासणारा.

अशा ठिकाणी सगळे पदार्थ चाखत बसलं की डोकं चालेनासं होतं. एकच पदार्थ निवडायचा आणि चुलीपासून टेबलापर्यंत त्याच्यामागे चालत राहायचं. मी कांद्याचं सूप निवडलं. आचाऱ्याचा धीर, स्टॉक (सुपाचा पाया असलेलं, उकळून काढलेलं पाणी), चीज, भांडी, वेटरचे पाय, सगळ्यांची परीक्षा त्यात होते. शिवाय सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याला तोटा नाही, तेव्हा मालाकडे बोट दाखवायची सोय नव्हती.

खोलगट पातेल्यात सहा किलो कांदा, खाली मोठी आच. १८ मिनिटांत कडा करपल्या आणि आतला कांदा पांढराच राहिला. मग मूठभर साखर आणि रंगासाठी जळवलेल्या साखरेचं पाणी. चवीला गोड, मागाहून कडू. याचं कारण साधं आहे. कांद्यात बहुतांश पाणीच असतं. ते उडून जाईपर्यंत पातेल्यातलं तापमान १०० अंशांच्या वर फारसं सरकत नाही, आणि त्याशिवाय कांदा तांबूस होत नाही. खोल भांड्यात जाड थर घातला की तो स्वतःच्याच वाफेत शिजत राहतो. रुंद, जाड बुडाचं भांडं हवं. एक किलो कांद्याला ५०-६० ग्रॅम लोणी आणि चमचाभर मीठ. पहिली १५ मिनिटं झाकण ठेवून पाणी सुटू द्यायचं, मग झाकण काढून मंद-मध्यम आचेवर आणखी ४५ मिनिटं तरी. बुडाशी तपकिरी थर धरला की दोन चमचे पाणी शिंपडून तो खरवडून कांद्यात मिसळायचा. खरा रंग त्या खरवडीतून येतो. किलोचा पाव किलो उरला की झालं. लाल कांद्याला पाणी जास्त, म्हणून वेळही जास्त; उन्हाळ कांदा लवकर आटतो. घड्याळ लावून हे जमत नाही, आणि सहा माणसांत ४१ पदार्थ करणाऱ्या किचनला तासभर एका पातेल्यापाशी माणूस उभा करणं परवडत नाही. त्यामुळे साखर येते.

वरचं चीज तर वितळलेलंच नव्हतं. या सुपाची वाटी शेवटी वरून प्रखर आच देणाऱ्या सॅलॅमँडरखाली जायला हवी, म्हणजे पावावरचं चीज फसफसतं आणि वाटीही तापते. सॅलॅमँडर होता, भिंतीला लावलेलाही होता, वायर मात्र गुंडाळून वर ठेवलेली. "लोड पुरत नाही सर," आचारी म्हणाला. मंजूर वीजभार वरच्या हॉलचे एसी आणि झुंबरं खात होती. म्हणून पावाचा तुकडा तव्यावर गरम करून, त्यावर प्रोसेस्ड चीज किसून तो सुपावर तरंगत सोडायचे. हे चीज तार धरत नाही, त्यावर कातडं येतं. पावही बेकरीचा मऊ. दोन मिनिटांत त्याचा लगदा. पाव आधी मंद ओव्हनमध्ये खडखडीत वाळवावा लागतो. (खरं सांगायचं तर तिथल्या पावापेक्षा सोलापूरची कडक भाकरी त्या सुपात जास्त वेळ तग धरेल.)

आता वाटी. जाड चिनी मातीची, साधारण अर्धा किलो वजनाची, सुंदर. इतकी सुंदर की ती हॉलमधल्या काचेच्या कपाटात मांडून ठेवलेली आणि ऑर्डर आली की वरून खाली आणायची. एसीत बसून तिचं तापमान २४ अंश. पातेल्यात सूप ८० अंश. २५० मिली ओतलं, हलवलं, मोजलं: ६३. वाटीनं एका मिनिटात १७ अंश गिळले, आणि पायऱ्या अजून पुढेच होत्या. हीच वाटी आधी ६० अंशांपर्यंत तापवली असती, तर सूप ७४ च्या आसपास राहिलं असतं.

पिकअप काउंटरवर ती वाटी ४ मिनिटं थांबली, कारण त्याच टेबलाचं सॅलड निघायचं होतं. ऑर्डरच्या एकाच चिठ्ठीवर सूप, मेन आणि गोड असं सगळं एकदम खाली येत होतं, आणि किचन जे आधी होईल ते काढत होतं. वाट बघत उभ्या असलेल्या वेटरला विचारलं तर म्हणाला, "जिना चढंपर्यंत गारच होतंय की ओ." टेबलावर पोचलं तेव्हा ५१ अंश. पिणारा ते गरम म्हणणार नाही आणि गार म्हणून परतही पाठवणार नाही. अर्धं तसंच सोडेल.

इथपर्यंतचं सगळं दुरुस्त होण्याजोगं होतं. पुढचं मात्र मी लगेच थांबवलं. संध्याकाळी सहा नंबरच्या टेबलावर घरचीच मंडळी होती, सोबत आजी. आजींनी विचारलं, "हे शाकाहारी आहे ना रे बाळा?" वेटरनं कार्ड फिरवून सुपाशेजारचा हिरवा ठिपका दाखवला. तासाभरापूर्वी मी खाली त्याच स्टॉकच्या भगुण्यात कोंबडीचे सांगाडे पाहिले होते. ऑर्डर तिथेच रद्द केली. मालकांना खाली बोलावलं तर ते खरोखर गोंधळले. "कांद्याचं सूप म्हणजे व्हेजच की ओ!" ठिपके कार्ड छापणाऱ्यानं पदार्थाचं नाव वाचून टाकले होते आणि आचाऱ्याला ते कुणी दाखवलेच नव्हते. फ्रेंच सुपांचा पाया बहुधा हाडांचा असतो, आणि ग्रुयेर हे मूळचं चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं विरजतात. वरून दोन्ही दिसत नाही. ती सगळी कार्डं त्या रात्री टेबलांवरून उचलली.

शाकाहारी स्टॉक अवघड नाही. कांदा, गाजर, सेलेरी, मशरूमचे देठ, तमालपत्र, मिरी. शिवाय लोण्यात परतलेली चमचाभर टोमॅटो पेस्ट, रंगासाठी आणि चवीसाठी. उकळी आल्यावर ४०-४५ मिनिटं, जास्त नाही. भाज्या त्यापुढे कडवटतात. चीज देशी गौडा किंवा एमेंटल, पाकिटावरचा हिरवा ठिपका स्वतः बघून.

बाकीचं भराभर उरकलं. वाइनमधल्या कोंबडीचे दोरे झाले होते, कारण कृती जून कोंबड्याची आणि भांड्यात सहा आठवड्यांचा ब्रॉयलर. दोन तास शिजवायला त्यात काही नसतंच, ४० मिनिटं पुरतात. दोन तास शिजवायचेच असतील तर गावरान कोंबडा आणा, तो काही सोलापुरात दुर्मीळ नाही. वाइन आधी निम्मी आटवून मग घालायची. इथे ती शेवटी ओतत होते, म्हणून आंबट. रेड वाइनच्या बाटल्या हॉलच्या भिंतीवर शोभेला, दुपारी एसी बंद. मोजल्या तेव्हा ३४ अंश. पुस्तकातलं 'रूम टेंपरेचर' म्हणजे मे महिन्यातलं सोलापूर नव्हे. १६ ते १८ अंशांवर द्यायची तर निम्मा बर्फ, निम्मं पाणी घेऊन बाटली त्यात बुडवून ठेवायची, अधूनमधून थर्मामीटरनं बघायचं.

ग्लासांवर मात्र हसू आलं. प्रत्येक ग्लासच्या आत बारीक पांढरे तंतू. वेटर नव्या कोऱ्या टेरी टॉवेलनं पुसत होते. सोलापुरात टॉवेलला काय तोटा! पण टेरीचे फासे तंतू सोडतात, नवा टॉवेल तर फारच. ग्लासला सपाट विणीचं, दहा-बारा वेळा धुतलेलं कापड लागतं. जुन्या धोतराचा तुकडा सर्वांत उत्तम. आणि बोअरच्या जड पाण्याचे डाग कापडानं जात नाहीत, शेवटचं खंगाळणं आरओच्या पाण्यात.

रात्री नऊ वाजता पुन्हा सूप केलं, या वेळी मंद कांदा, नवा स्टॉक. वाट्या खाली आणून ओव्हनमध्ये ७० अंशांवर तापवल्या, पाव-चीज लावून ओव्हनच्या वरच्या खणात २३० अंशांवर सहा मिनिटं ठेवलं. सूप आधी, मेनची चिठ्ठी सूप उचलल्यावर. टेबलावर ७१ अंश. मालकांनी एक चमचा घेतला आणि काही न बोलता वाटी संपवली.

मेनूतले २३ पदार्थ काढायला ते तयार झाले. गॅसवर चालणारा सॅलॅमँडर घ्यायलाही. अडलं ते एका जागेवर. जिन्याच्या तोंडाशी वेटरना ट्रे टेकवायला टेबल हवं, नाहीतर वर येऊन तो खुर्चीवर ठेवतात. तिथे पियानो होता.

"तो सोडून काहीही हलवा," मालक म्हणाले.