धारगळच्या ओट्यावर

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणासाठी सावंतवाडीहून जुन्या गोव्याला पायी जायला पहाटे चारला निघालो तेव्हा पुढे क्रूस होता आणि मागे आम्ही चाळीस-पंचेचाळीस जण होतो. क्रूस कोणी, कुठून कुठपर्यंत धरायचा याची यादी आदल्या रात्री पुरुषांनी केली होती आणि तीत एकाही बाईचे नाव नव्हते. बायकांकडे चपात्यांचे डबे, औषधांची पिशवी आणि रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सांगण्याचे काम होते. बांद्यापर्यंत मी तोंडाने नमो मारिया म्हणत होते आणि मनात त्या यादीशी भांडत होते. सत्तरी ओलांडलेल्या एका आजींचा आवाज अंधारात सर्वांना ओढून नेत होता. त्या थांबल्या की रांग विस्कळीत होई, त्या पुन्हा सुरू झाल्या की पावले जुळत. त्या चालवत होत्या आणि ते कोणाच्या ध्यानात येत नव्हते.

पात्रादेवी ओलांडली, पेडण्याला रात्र काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी धारगळजवळ माझे पाय संपले. दोन्ही टाचांवर फोड होते, उजव्या पायाचा फुटून मोजा त्याला चिकटला होता, आणि महामार्गाच्या कडेला ट्रकची धूळ सोडली तर सावलीचा पत्ता नव्हता. गट पुढे निघून गेला. थांबायला मीच नको म्हटले होते, तरी कोणी थांबले नाही याचा राग आला आणि गोंयच्या सायबाला, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरला, मी त्याच रागाने हाक मारली. रस्त्यालगत एक लहान दुकान होते, मागे घर, अंगणात तुळस. दुकानातल्या बाईने माझी चाल पाहिली आणि काही न विचारता मला ओट्यावर बसवले. घमेल्यात कोमट पाणी आणि मूठभर मीठ घालून तिने ते माझ्यापुढे ठेवले आणि स्वतः खाली उकिडवी बसली.

"बाय, पाय हय ठेव."

मी संकोचले. माझ्याहून ती वयाने मोठी होती, आणि माझ्या पायांना तीस किलोमीटरची घाण होती. तिने माझा घोटा धरून पाय पाण्यात ठेवला, मोजा भिजू दिला, मग तो इतक्या सावकाश सोडवला की कातडी ओढली गेली नाही. पाय पुसले, खोबरेल तेल लावले, जुन्या सुती लुगड्याची पट्टी फाडून बांधली. "सायबाक जातंस मा?" एवढेच तिने विचारले. पैसे घेतले नाहीत. मी रडत होते आणि ते दुखण्यामुळे नव्हते.

त्या ओट्यावर मला पवित्र गुरुवार आठवला, ईस्टरच्या आधीचा, ज्या दिवशी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू शिष्यांचे पाय धुतो तो तेरावा अध्याय आम्ही दरवर्षी ऐकतो. पण त्याच्या आधीच्या, बाराव्या अध्यायात बेथानीची मरिया जटामांसीच्या सुगंधी तेलाने प्रभूच्या पायांना अभ्यंग करते आणि आपल्या केसांनी ते पुसते, हे आम्ही त्या विधीशी जोडत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर विधवेचे नाव मंडळीच्या यादीत घालायचे झाल्यास तिने पवित्र जनांचे पाय धुतलेले असावेत, अशी अट आहे. तरीही विधीच्या पुस्तकात पाय धुवून घेणारे 'पुरुष'च होते. जानेवारी 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या सांगण्यावरून तो शब्द बदलला आणि देवाच्या प्रजेतील कोणालाही निवडण्याची मुभा मिळाली. ज्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, मी तेव्हा धर्मशिक्षण देत होते, तेथे त्या वर्षीही आणि पुढची दोन वर्षेही बाराच्या बारा पुरुषच बसले. बायकांनी वेदीपुढे पाय उघडे करून बसणे शोभत नाही, असे मला सांगण्यात आले. ज्या बायका वेदीपुढची फरशी दर शनिवारी अनवाणी धुतात त्यांच्याविषयी हे बोलले गेले. मी तेव्हा गप्प राहिले, आणि ते गप्प राहणे मला आजही बोचते.

म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीपुढे, म्हणजे मरियामातेपुढे, मेणबत्ती लावली. पर्वरीत झोप झाली नाही.

तिसऱ्या दिवशी पणजीहून रायबंदरच्या जुन्या बांधावर आलो. डावीकडे मांडवी, उजवीकडे मिठागरे, वारा गार. क्रूस धरलेल्या मुलाजवळ जाऊन मी म्हटले, "दे माझ्याकडे." त्याने लगेच दिला. यादी करणाऱ्या गृहस्थांनी मागून माझे नाव घेऊन हाक मारली, मी वळले नाही. स्त्रियांच्या पुरोहितदीक्षेचे दार पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1994 च्या पत्राने लावून घेतले आहे, त्याचे मला दुःख आहे. पण क्रूस धरायला दीक्षा लागत नाही. लाकूड वाटले होते त्याहून जड निघाले. पट्टी बांधलेला पाय टेकताना दर पावलाला कळ येत होती, आजी बाजूला येऊन चालू लागल्या, आणि शेवटची रोजरी त्यांनी माझ्या पावलांच्या वेगाने सांगितली.

बॉम जेझू चर्चमध्ये सायबाच्या अवशेषांचे दर्शन झाले. सणाच्या मिस्सेत पहिले वाचन एका तरुण मुलीने केले. वाचक आणि वेदीसेवक ही पदे जानेवारी 2021 मध्ये स्त्रियांना विधिवत खुली झाली. त्याआधी कित्येक वर्षे मी वाचत होते, पण ते पद म्हणून नव्हे. समोरचे से कॅथेड्रल, गोव्यातले सर्वांत मोठे चर्च, संत कॅथरीनचे आहे, कारण पोर्तुगीजांनी 1510 मध्ये शहर घेतले तो दिवस तिच्या सणाचा होता. पन्नास पंडितांना वादात निरुत्तर करणारी ही आलेक्झांड्रियाची कुमारी, अशी तिची परंपरागत कथा आहे. तिच्या चर्चच्या पायरीवर बसून आम्ही बायकांनी डबे उघडले. त्यानंतर मी एकटीच लंगडत टेकडीवर सांता मोनिकापर्यंत गेले. 1627 मध्ये पूर्ण झालेल्या त्या मठात आज धर्मभगिनी ईशज्ञान शिकतात. जाड भिंतींच्या सावलीत मी पट्टी सोडली, पाय पाहिला, पुन्हा बांधली.

परतीच्या बसमध्ये पुढच्या वर्षीची क्रूसाची यादी मी माझ्या वहीत लिहायला घेतली. सावंतवाडी ते बांदा या टप्प्यापुढे आजींचे नाव लिहिले, आणि धारगळपुढची जागा कोणाला हवी आहे हे विचारत वही मागच्या बाकांकडे पाठवली.