आधी काच, मग फोटोशॉप : आमची वाटचाल

सांगलीच्या गावभागात आमचं दुकान. पाटीवर अजून ‘फोटो स्टुडिओ’ असंच आहे, पण आज निम्म्याहून जास्त काम जुने फोटो स्कॅन करून दुरुस्त करण्याचं येतं. स्टुडिओ मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. मी लग्न होऊन आले तेव्हा मला डीटीपी येत होतं, लग्नपत्रिका आणि हँडबिलं करायचे. पुढे डिजिटल कॅमेरे आले, रोल धुवायला येईनात, डार्करूमला कुलूप लागलं. त्याच खोलीत मी फ्लॅटबेड स्कॅनर, म्हणजे काचेवर फोटो ठेवून प्रत घेणारा, आणि कॉम्प्युटर मांडला.

पहिल्याच मोठ्या कामानं घाम फोडला. एका घरातले साठेक फोटो स्कॅन केले आणि बघते तर प्रत्येकावर वरपासून खालपर्यंत एक बारीक हिरवट रेघ. फोटोशॉपमधला क्लोन स्टॅम्प, म्हणजे शेजारचा भाग उचलून डागावर लावायचं साधन, घेऊन दोन रात्री मी त्या रेघा पुसत बसले. तिसऱ्या दिवशी मामंजी मागे उभे होते. म्हणाले, “सूनबाई, सगळ्यांवर रेघ एकाच जागी आहे. मग ती फोटोवर कशी असेल? फोटो उलटा ठेवून बघ.” ठेवला. फोटो फिरला, रेघ तिथंच राहिली.

स्कॅनर प्रत्येक वेळी काम सुरू करण्याआधी काचेच्या टोकाशी असलेली एक पांढरी पट्टी बघतो आणि त्यावरून ‘पांढरं म्हणजे किती’ हे ठरवतो. तिथं धुळीचा एक कण असला, की त्या ठिकाणचा हिशेब चुकतो आणि ती चूक पूर्ण लांबीभर रेघ होऊन उतरते. काचेचं ते टोक मऊ कापडानं पुसलं आणि रेघ गेली. त्या दिवसापासून दुकानात एक नियम आहे. सॉफ्टवेअर उघडण्याआधी काच बघायची, फोटो फिरवून दुसरा स्कॅन काढायचा. दोष फोटोबरोबर फिरला तर फोटोचा, नाही फिरला तर स्कॅनरचा.

मध्ये कॉम्प्युटर बदलला, नवीन विंडोज आली, आणि फोटोशॉपच्या इम्पोर्टमधून स्कॅनरचं नावच गायब झालं. दुकानदारानं स्कॅनर जुना झाला म्हणून नवा घ्यायला सांगितलं. खरं तर फोटोशॉपला स्कॅनरशी जोडणारा ट्वेनचा प्लगइन ३२-बिटचा, जुन्या पद्धतीचा होता आणि मी ६४-बिटचं फोटोशॉप उघडत होते. ३२-बिटचं उघडल्यावर स्कॅनर दिसला. पुढे तोही आधार सुटला तेव्हा व्ह्यूस्कॅन हे स्कॅनिंगचं वेगळं सॉफ्टवेअर घेतलं. तो स्कॅनर आजही चालतो.

खरी शिकवण फोटोंनीच दिली. पूर्वीचे कितीतरी रंगीत प्रिंट खरखरीत, सिल्क म्हणतात त्या कागदावर असायचे. स्कॅन केलं की चेहऱ्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी. ब्लर केलं तर जाळीबरोबर डोळेही जातात. स्कॅनरचा उजेड एका बाजूनं तिरका पडतो, म्हणून कागदाच्या प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. मग आम्ही एक स्कॅन सरळ घेतो, दुसरा स्कॅन तोच फोटो पूर्ण उलटा फिरवून. दुसरा फोटोशॉपमध्ये सरळ करून पहिल्यावर नेमका बसवायचा आणि वरच्या लेयरची ओपॅसिटी, म्हणजे दाटपणा, ५० टक्के करायची. सावल्या एकमेकींना बऱ्याच खातात. जाळी पुरती जात नाही, पण चेहरा परत मिळतो.

एका आजींकडे वडिलांचा एकच फोटो होता, साखर कारखान्याच्या स्मरणिकेत छापलेला. छपाईचे ठिपके आणि स्कॅनरच्या ओळी एकमेकांवर आल्या की लहरी उठतात, तशा उठल्या. ३०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके टिपून, काही जमेना. १२०० ला स्कॅन केला, ठिपके मिसळतील इतपतच ब्लर दिला आणि मग आकार लहान केला. चेहरा मऊ झाला, पण वडील ओळखू आले.

स्कॅनरमधल्या धूळ-चरे काढणाऱ्या इन्फ्रारेडच्या (डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाच्या) सोयीवर मात्र काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हसाठी भरवसा ठेवू नका. त्या फिल्ममधली चांदी इन्फ्रारेडही अडवते, म्हणून स्कॅनरला चित्रच धूळ वाटतं आणि तो चेहऱ्याचे तपशील पुसत जातो. आमच्याकडे ती सोय अशा वेळी बंदच असते. ऑटो कलरही बंद. रंगाच्या जास्त छटा राहाव्यात म्हणून १६-बिट, दर्जा न घटवणारी टिफ फाइल, ६०० डीपीआय. वेळ लागतो, तो आम्ही लावतो.

आणि मग ऑगस्ट २०१९. कृष्णेचं पाणी गावभागात घराघरांत शिरलं. पाणी ओसरल्यावर लोक चिखलानं जड झालेले अल्बम घेऊन येऊ लागले. काहींनी ते उन्हात वाळवले होते, आणि पानं एकमेकांना घट्ट चिकटून बसली होती. मामंजींनी डार्करूमचे जुने ट्रे बाहेर काढले. थंड, स्वच्छ पाण्यात फोटो भिजवायचे, आपोआप सुटू द्यायचे, फोटोच्या तोंडाला बोट लावायचं नाही, कारण चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर ओला होऊन फुगलेला असतो आणि बोटाबरोबर निघून येतो. मग दोरीला चिमटे लावून सावलीत वाळवायचे. जे त्या दिवशी उरकत नव्हते ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये. कितीतरी दिवस घरातल्या फ्रीजरमध्ये लोकांची लग्नं होती.

त्यातल्याच एका फोटोत नवरीचा चेहरा नव्हताच. पिवळट पांढरा डाग नुसता. लेव्हल्स, कर्व्हज, सगळं करून बघितलं. गिऱ्हाईक ताई समोर बसलेल्या, आणि मी त्यांना नाही म्हणायच्या बेतात होते. मामंजी म्हणाले, “रंगीत कागदाला तीन थर असतात. सगळ्यात वर सायन म्हणजे हिरवट निळा, मध्ये मॅजेंटा म्हणजे गुलाबी, तळाला पिवळा. वरचे वाहून गेलेत. पिवळा आहे ना अजून?” पिवळा रंग निळा प्रकाश अडवतो, म्हणजे त्या थरातलं चित्र निळ्या चॅनलमध्ये असणार. फोटोशॉप चित्र लाल, हिरवा आणि निळा अशा तीन चॅनलमध्ये वेगवेगळं दाखवतं. मी ते चॅनल्स उघडले. लाल कोरा. हिरव्यात जवळजवळ काही नाही. निळ्यावर क्लिक केलं आणि मुंडावळ्या दिसल्या, कपाळ दिसलं, खाली वळलेले डोळे. ताई खुर्चीतून उठून स्क्रीनजवळ आल्या.

तो चॅनल वेगळा काढून आम्ही काळा-पांढरा फोटो करून दिला. हनुवटीची एक बाजू निळ्यातही कोरी होती, ती तशीच ठेवली. दुसऱ्या फोटोतून हनुवटी आणून बसवता आली असती, रंगही भरता आला असता. मी ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “जे उरलंय तेवढंच द्या.”

त्यानंतर पुराचा कुठलाही फोटो आला की आम्ही आधी तिन्ही चॅनल वेगवेगळे बघतो. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा चढायला लागलं तेव्हा स्कॅनर वरच्या मजल्यावर न्यायला मी हमाल शोधत होते. मामंजी तोवर दोन्ही हातांत गिऱ्हाइकांच्या फोटोंची पाकिटं घेऊन जिना चढत होते.