लॅक्स्टनचं कोष्टक: एका कोर्टापाशी घोडं अडलंय

मंडळी, नॉटिंगहॅमशरमधल्या लॅक्स्टन गावाचा कारभार कधी कोणाकडे होता, याचं एकपानी कोष्टक करायला घेतलं होतं. ते एका पानात मावेना.

आधी चूक कबूल करतो. इंग्लंडात लॅक्स्टन नावाची आणखी दोन गावं आहेत, एक नॉर्थम्प्टनशरात, दुसरं ईस्ट यॉर्कशरात. माझ्या जनगणनेच्या रकान्यात नॉर्थम्प्टनशरवाल्याचे आकडे घुसले होते. दोन रविवार पाण्यात! आता प्रत्येक नोंदीपुढे आधी काउंटी लिहितो.

सरळ भाग उरकला. १६०१ च्या कायद्यानं गोरगरिबांना सांभाळणं पॅरिशच्या (म्हणजे गावच्या चर्चच्या हद्दीच्या) गळ्यात आलं. १८३४ च्या कायद्यानंतर ते साउथवेल युनियनकडे, म्हणजे अनेक पॅरिशांच्या संघाकडे गेलं (साउथवेलचं १८२४ चं वर्कहाउस, म्हणजे गरिबांना ठेवून काम करून घेण्याचं घर, हाच तो कायदा करणाऱ्यांसमोरचा एक नमुना होता). १८९४ ला रूरल डिस्ट्रिक्ट (ग्रामीण भागाचा कारभार पाहणारा विभाग) आला, १९७४ ला तोही मोडला आणि गाव आजच्या न्यूअर्क अँड शेरवुड जिल्ह्यात गेलं.

अडलं ते मेनरच्या (म्हणजे जुन्या जमीनदारी इस्टेटीच्या) कोर्टापाशी. इथली तीन मोठी शेतं अजून कुंपणाविना पट्ट्यापट्ट्यांनी कसली जातात. नोव्हेंबरअखेर या कोर्टाच्या ज्युरीतले (पंचांतले) शेतकरी गव्हाच्या शेतात उतरतात, हद्दीवर खुंट्या ठोकतात, कोणी वाटेत किंवा गवताच्या पट्टीत नांगर घातलाय का ते बघतात. आठवड्यानं डव्हकोट इन या पबमध्ये कोर्ट भरतं आणि दंड ठरतो. म्हणजे बांध कोरणाऱ्याचा निवाडा गावातल्या गावात! १९७७ च्या कायद्यानं देशभरातल्या अशा कोर्टांचे अधिकार काढून घेतले, त्यातून लॅक्स्टनला मात्र वगळलं.

मालक बदलले तरी कोर्ट हललं नाही. १९५२ ला अर्ल मॅनव्हर्स या उमराव जमीनदाराकडून जमीन कृषी मंत्रालयाकडे, १९८१ ला क्राउन इस्टेटकडे (राजसत्तेच्या नावावरच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे) आणि २०२० ला थोर्सबी इस्टेटकडे. थोर्सबी म्हणजे मॅनव्हर्स घराण्याचीच जुनी इस्टेट; फिरून तिथंच.

सध्या मार्क पिअर्स या मोजणीदाराच्या १६३५ च्या नकाशावरून वेस्ट फील्ड या त्या तीनांपैकी एका शेताचे पट्टे गिरवतोय. पट्टे इतके बारीक की भिंग लावूनही मोजणी चुकते. कोष्टकात कोर्टाला कुठलीच ओळ जुळेना, म्हणून डाव्या समासात वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ मारलीय आणि तिचं खालचं टोक मोकळं सोडलंय.