दात कोरून

डेंटिस्टने दिलेला एस्टिमेटचा कागद उलगडायचा तो दुपारीच. जेवण झालेलं असतं आणि डाव्या बाजूने चावायचं नाही हे आता जिभेलाही पाठ असतं. कागदावर चार ओळी: रूट कॅनल, पोस्ट (कॅपला आधार म्हणून मुळात रोवायची काडी), कॅप, क्लीनिंग. पेन्शन येते महिन्याच्या महिन्याला, दाढ मात्र एकरकमी मागते.

लहानपणी हा व्यवहार किती सोपा असतो! दुधाचे २० दात फुकटात पडतात. दोरा, दाराची कडी आणि डोळे मिटून घेण्याइतका धीर, एवढंच भांडवल. मागे दुसरा संच तयारच असतो. तिसरा मात्र स्वतःच्या खिशातून घ्यायचा, आणि रात्री पाण्यात ठेवायचा.

तर कागद बघून पहिल्यांदा मनात येतं, काढूनच टाकू. काढणं स्वस्त, वादच नाही. पण खालची दाढ गेली की वरचीला टेकायला कुणी उरत नाही, ती हळूहळू खाली उतरते. शेजारची रिकाम्या जागेकडे कलते, त्या तिरक्या फटीत घास अडकायला लागतो आणि कीड पुढच्या घरी जाते. हाड झिजतं तेही सगळ्यात जास्त पहिल्याच वर्षात. मग उशिरा इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवून बसवायचा दात, सुचलं, तर आधी हाड भरायची ओळ एस्टिमेटात वाढलेली असते. अगदी टोकाची दाढ असेल आणि तिच्यासमोर काहीच नसेल, तर गोष्ट वेगळी. ती गेली तरी फारसं अडत नाही.

चारही ओळी एकदम भरायच्या नसतात. दुखणं, सूज, पू यांना थांबवता येत नाही. दिसण्यापुरतं जे असेल ते खुशाल थांबतं. मधल्या गोष्टी किती महिने थांबतील, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. दातांचा विमा असेल आणि त्याला वर्षाची मर्यादा असेल, तर असं मधलं काम दोन विमावर्षांत विभागता येतं. विमा नवा असेल तर आधी प्रतीक्षाकाळ वाचावा, मोठ्या कामांना तो बहुधा असतोच. कॅपच्या रकमेत तात्पुरती कॅप आणि लॅबचा खर्च धरलाय का, बसवल्यावर उंच लागली तर घासून देण्याचे वेगळे पडतात का, हेही लिहून घ्यावं. आणि निघालेली कॅप फेकू नये. डबीत घालून न्यावी. आतला दात शाबूत असला तर बरेचदा तीच परत बसते. घरचा गोंद मात्र लावायचा नाही. डेंटल कॉलेजात विद्यार्थी शिक्षकांच्या नजरेखाली काम करतात, पैसे कमी पडतात आणि वेळ भरपूर जातो. निवृत्त माणसाने वेळेची तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. साठीनंतर ही म्हण जरा फिरते. हिरड्या मागे सरकून मुळं उघडी पडतात, मुळांवर एनॅमलचं कठीण कवच नसतं. त्यात रक्तदाबाच्या, ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी लाळ आटते आणि कीड नेमकी कॅपच्या काठाखालून शिरते. महागाची कॅप वर चकचकीत, खाली दात गेलेला. तिथे साधा ब्रश पोचत नाही. फटीतून फिरवायचा तारेचा इवलासा ब्रश लागतो. तो किंचित घासत जायला हवा, पण रेटावा लागता कामा नये. सगळ्या फटींना एकच माप चालत नाही, म्हणून मापं क्लिनिकमध्येच ठरवून घ्यावीत. तार वाकली की तो टाकायचा. पेस्ट फ्लोराइडची, १४५० पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग फ्लोराइड) आसपासची, आणि घासून झाल्यावर फक्त थुंकायचं. चूळ भरायची नाही.

आयुष्यभर खळखळून चुळा भरलेल्या माणसाला हे शेवटचंच जड जातं. हात आपोआप तांब्याकडे जातो, आणि लक्षात येईपर्यंत फ्लोराइड मोरीत गेलेलं असतं.