ओतूरच्या उसात थांबलेले कोयते

जानेवारीत शिवनेरी, लेण्याद्री आणि परतताना माळशेज असा दोन दिवसांचा बेत होता. मुक्काम ओतूरजवळ मामाच्या मळ्यात. पहिल्याच सकाळी चहाचा कप हातात घेतला आणि शेजारच्या फडातून ओरडा आला, "वाघाची पिल्लं घावली!" किल्ला राहिला बाजूला. मी मामाच्या मागे बांधावरून पळत सुटले.

जुन्नरकडे बिबट्याला वाघच म्हणतात. ऊसतोड चालू असलेल्या फडात, सरीतल्या पाचटावर दोन पिल्लं एकमेकांना चिकटून पडली होती. मांजराच्या पिल्लाहून जेमतेम मोठी, डोळे निळसर, अंगावरचे ठिपके अजून धुरकट. ज्या बाईने ती पाहिली ती बीडकडची. तिचा कोयता खाली येता येता थांबला होता. बाळ बांधावरच्या जांभळीला बांधलेल्या झोळीत होतं. ती आधी तिकडे धावली, त्याला उचलून छातीशी धरलं आणि मगच ओरडली.

पिल्लांना उचलून फोटो काढायला दोघे तिघे पुढे सरसावले. मामा आणि मुकादम दोघांनीही त्यांना जोरात हटकलं. फडाच्या मालकाने वन विभागाला फोन लावला, आणि टोळी तिथून उठून दुसऱ्या टोकाच्या प्लॉटात गेली. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. तोडणी कामगारांना मजुरी टनावर मिळते, डोक्यावर उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, असते. अर्धवट तोडलेला फड सोडणं म्हणजे मोळ्या कमी आणि हिशेबात खाडा. वन्यजीवांच्या सुटकेबद्दल लिहिताना या लोकांचं नाव सहसा कुणी घेत नाही.

उसात बिबट्या आला कसा? माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगा, डिंभे ही कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाटाचं पाणी खेळलं, ऊस वाढला. वर्षभर आणि त्याहून जास्त उभं राहणारं ते दाट पीक, पाणी, रात्री फिरणारी कुत्री, गोठ्यातल्या शेळ्या. मादीला पिल्लं घालायला याहून आडोशाची जागा कुठली? इथे जन्मलेल्या बिबट्याला ऊस हेच घर.

तासाभरात वनरक्षक आणि पशुवैद्य आले. डॉक्टरांनी हातमोजे घालून पिल्लं तपासली. कानामागचे गोचीड एकेक करून काढले, शेपटीच्या बुडाशी कातडीखाली तांदळाएवढी मायक्रोचिप बसवली. एक पिल्लू फिसकारलं, तर ते हसून म्हणाले, "चांगलं आहे, अंगात जोर आहे." माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्यांनी मान हलवली. "अशी कितीतरी पिल्लं आयांनी परत नेलीत."

दुपारी मामाने त्यांना विहीर दाखवली. तीन वर्षांपूर्वी तिच्यात बिबट्या पडला होता. कठडा नव्हता. तेव्हा आधी दोरांनी बाज सोडली, पोहून दमलेला बिबट्या तिच्यावर चढून धापा टाकत बसला, मग पिंजरा उतरवला. मामाने त्यानंतर कठडा बांधून घेतला. माझ्या मते त्या कठड्याचे पैसे सार्थकी लागले.

तरीही मामाच्या मनात राग आहे. दोन वासरं गेली त्याची. तालुक्यात माणसं गेली आहेत, त्यात लहान मुलंही. "धरा आणि लांब नेऊन सोडा," असं तो म्हणतो तेव्हा त्याला खोटं पाडावंसं वाटत नाही. पण तेही इथे करून झालं आहे. 2001 ते 2003 या काळात जुन्नरचे बिबटे धरून लांबच्या जंगलांत सोडले गेले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तो 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. आधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते, ते त्यानंतर 17 वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं. पिल्लं हरवलेली मादीही तशीच बिथरून वस्तीभोवती घिरट्या घालते. म्हणून पिल्लं आईला मिळणं हे माणसांसाठीही तितकंच गरजेचं.

नाही मिळाली तर? मग माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र. वन विभागाबरोबर वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था ते चालवते, डॉ. अजय देशमुखांनी तिथे बरीच वर्षं पशुवैद्य म्हणून काम केलं. माणसाच्या हातावर वाढलेलं पिल्लू शिकार शिकत नाही, माणसाची भीतीही विसरतं. त्याला पुन्हा सोडता येत नाही. काळजी कितीही घेतली तरी जन्म पिंजऱ्यात जातो.

संध्याकाळी पिल्लं टोमॅटोच्या क्रेटमध्ये ठेवली. ते क्रेट नेमकं त्याच सरीत, वरून थोडं पाचट. समोर कॅमेरे बांधले. सगळ्यांना घरी पाठवलं, मोटारींचे दिवे बंद. आम्ही ओसरीत दार लावून बसलो. मामी दर थोड्या वेळाने विचारायची, "आली असेल का गं?" त्या रात्री मामानेही टीव्ही लावला नाही.

सकाळी वनरक्षकाने छोट्या पडद्यावर फोटो दाखवले. रात्री 7 वाजून 48 मिनिटं: उसाच्या कडेला दोन चमकते डोळे. पुढच्या फोटोत क्रेट पालथं आणि मादीच्या तोंडात मानेला धरलेलं पिल्लू, चारही पाय लोंबकळलेले. दुसऱ्यासाठी ती अर्ध्या तासाने परत आली होती.

टोळी कामावर येत होती. कालची बाई बाळाला कडेवर घेऊन पडद्यावर वाकली. बराच वेळ पाहत राहिली.

"दोनी बी नेली का?"

"दोन्ही नेली."

तिने मान डोलावली. मग जांभळीची झोळी सोडली, टोळी तोडत होती तिथे उभ्या ट्रॉलीच्या दांडीला नेऊन बांधली, हाताने दोनदा ओढून पाहिली आणि बाळाला तिच्यात ठेवून कोयता उचलला.